फाल्गुनातली लागवड

आमच्या सोसायटीत वसंत ऋतू नोटीस बोर्डावरून येतो. होळीच्या आगेमागे लिफ्टशेजारी एक कागद लागतो : 'गेटजवळच्या कडुनिंबाचा मोहोर गाड्यांवर पडतो, अशी काही सभासदांची तक्रार आहे. त्यांनी गाडी झाकावी. झाड झाकणे समितीस शक्य नाही.' खाली सेक्रेटरींची सही. पुण्यात सेक्रेटरी व्हायला एवढी पात्रता लागतेच.

मी ती नोटीस वाचते आणि पार्किंगमध्ये उतरते. गाडीच्या काचेवर ती बारीक पांढुरकी फुलं साचलेली असतात. ओंजळीत घेऊन वास घ्यायचा. आधी मधासारखा, आणि मागून किंचित कडू. शेजारचे गृहस्थ रोज माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. त्या वासाबरोबर माझ्यासमोर एक माणूस उभा राहतो. डोक्यावर खाकी टोपी, पायात कारखान्याचे जाड बूट, हातात इंग्रजी पुस्तक. भर फाल्गुनात, उन्हाने भाजून निघालेल्या परसात तो उकिडवा बसलाय आणि मातीवरचं दव गोठायचं थांबलं का, ते बोटाने तपासतोय.

ते माझे पप्पा.

पप्पांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली, तपासणी विभागात. न तपासलेली वस्तू त्यांच्या हातून पुढे जात नसे. यात काडतुसं आली, आमची प्रगतिपुस्तकं आली आणि आईने बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा आली. आम्ही राहायचो कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिथे प्रत्येक वस्तूवर सरकारी आकडा रंगवलेला. खुर्चीवर, पंख्यावर, कपाटाच्या पाठीवर. दारातल्या गुलमोहराच्या खोडावरही पांढऱ्या रंगात आकडा होता. आपलं म्हणावं असं मागच्या बाजूला दोन खाटांएवढं अंगण होतं. त्यात पप्पांनी मोगरा, गवती चहा आणि एक कढीपत्ता जगवला होता. त्यांच्यावर मात्र आकडा नव्हता.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही सांगवीला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅट चांगला होता. हवा, उजेड, लिफ्ट, सगळं होतं. फक्त पप्पा बोलायचे थांबले. रागावून नव्हे, रेडिओची बॅटरी संपते तसे हळूहळू. सकाळी सहाला उठून कुठेतरी जायचे आणि आठला परत यायचे. आम्हाला वाटायचं, फिरायला जातात. एक दिवस जेवताना आपणहून म्हणाले, "चहा चांगला होता."

आईने विचारलं, "कोणाचा?"

मग उलगडा झाला. हा माणूस रोज बसने खडकीला जात होता आणि जुन्या क्वार्टरच्या मागच्या कुंपणातून बाटलीने मोगऱ्याला पाणी घालत होता. तिथे नवीन आलेला तरुण महिनाभर खिडकीतून हे बघत होता. त्या दिवशी तो चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि फार नम्रपणे म्हणाला, "काका, तुमचं काही राहिलंय का इथे?"

त्यानंतर पप्पा तिकडे गेले नाहीत. गॅलरीत बसून समोरच्या बांधकामातल्या चुका मोजायला लागले.

मी तेव्हा हिंजवडीत नुकती कुठे रुळले होते. कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आणि मध्ये ऊस. कंपनीची वातानुकूलित बस बैलगाडीच्या मागे दहा-दहा मिनिटं चालायची आणि आत बसलेले आम्ही अमेरिकेच्या गोष्टी करायचो. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे बापलेकीचा धंदा तसा एकच. जे फुटायला हवं ते फुटतं की नाही, हे पप्पांनी बघितलं. जे फुटू नये ते कुठे फुटतंय, हे मी बघायची. मी ठरवलं की पप्पांना एक अंगण मिळवून द्यायचं.

ते मिळालं खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. गावठाणातलं जुनं कौलारू घर आणि मागचं परसू, मिळून पाच गुंठे. दाखवायला आलेला एजंट उत्साही होता. आई स्वयंपाकघरात डोकावली आणि तशीच मागे आली.

"अहो, आत पपईचं झाड आहे."

खरंच होतं. चुलीच्या जागी उगवून, कौलं बाजूला सारून, वर आभाळात गेलेलं. दोन पपयाही लागलेल्या.

"किचन गार्डन म्हणायचं," एजंट म्हणाला.

पप्पा मात्र मागे निघून गेले होते. परसात एक मोठा आंबा होता. त्याच्याभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. खोडावरून हात फिरवला, वाकून मागची बाजूही बघितली.

"काय शोधताय, साहेब?" एजंटने विचारलं.

"याच्यावर आकडा नाही," पप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे घेऊ या."

ऑफिसमध्ये बातमी पसरली की मी फार्महाऊस घेतलं. कॅन्टीनमध्ये लोक विचारायचे, पोहायचा तलाव आहे का. मी म्हणायची, अजून छप्पर नाही, त्यामुळे जूनमध्ये होईल.

त्या वर्षीचा वसंत मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. धरणाचं पाणी खाली गेलेलं आणि काठाचा गाळ पापडासारखा तडकलेला. रस्त्याच्या वळणावर एक पांगारा, पान एक नाही, नुसता लालभडक. सकाळी लांबून लष्करी प्रबोधिनीतला बिगुल ऐकू यायचा आणि सायकलींवरून जाणारी पोरं दिसायची, सगळ्यांची डोकी एकाच मापाची. घरात शिरलं की वटवाघळांचा, जुन्या धान्याचा आणि थंड मातीचा वास, आणि परसात आलं की भिंतीलगतच्या कडुनिंबाच्या मोहोराचा. दर शनिवारी पहाटे आम्ही आमच्या जुन्या, ऐकायला कमी येणाऱ्या मारुतीतून निघायचो. ऐकायला कमी म्हणजे ब्रेक.

घर दुरुस्त करायचं म्हणजे आधी काय करतात? भिंती, दारं, निदान छप्पर. पप्पांनी पहिल्या शनिवारी ओसरीवर तीन लाल बादल्या टांगल्या आणि त्यांत वाळू भरली. घराला छप्पर नव्हतं, पण आग लागली असती तर विझवायची सोय होती. दुसऱ्या शनिवारी बुद्धाची तसबीर लावायला सरळ भिंत शोधली. ती मिळाली नाही, म्हणून तसबीर ओळंबा लावून सरळ केली आणि भिंत तिच्या मागे वाकडी राहू दिली. आणि तिसऱ्या शनिवारी लागवड.

लागवडीसाठी ते इंग्रजी पुस्तक होतं. कॅम्पातल्या पदपथावर मिळालेलं, जाड पुठ्ठ्याचं, आत ट्यूलिपची रंगीत चित्रं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मार्चमध्ये, जमिनीतलं दव गोठायचं थांबलं की झाडं लावावीत. पप्पांचा छापील सूचनेवर फार विश्वास. त्यांनी अकरा रोपं आणली. चिकू, पेरू, लिंबू, फणस, दोन मोगरे आणि बाकी काय काय. प्रत्येकासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा. खोली ते पट्टीने मोजायचे. जमीन इतकी कडक की कुदळ आपटली की आपटणारा उडायचा.

आमचं आणि शेजारचं परसू यांच्यामध्ये छातीएवढी दगडी भिंत होती. तिसऱ्या खड्ड्याच्या वेळी भिंतीवर एक चेहरा उगवला. साठीच्या पुढची बाई, डोक्यावर पदर, गालात तंबाखूची गोळी. या साखरबाई. आम्ही घर घेतलं ते त्यांच्या दिराकडून. दीर धायरीला बंगला बांधून गेला होता. पण साखरबाई त्या घरात सून म्हणून आल्या होत्या, तेव्हा व्यवहार कागदावर काहीही झालेला असो, घर त्यांचंच होतं आणि आम्ही त्यात चुका करायला आलो होतो.

"काय चाललंय?"

"लागवड," पप्पा म्हणाले.

"आत्ता?"

"पुस्तकात मार्च दिलाय."

"कुनाच्या पुस्तकात?"

"इंग्लंडच्या."

"मंग तकडं लावायची," साखरबाई म्हणाल्या आणि चेहरा खाली गेला.

आई पदर तोंडावर घेऊन घरात पळाली. पुण्यात आयुष्य काढलेल्या माझ्या बापाला गावात आल्या आल्या आपल्याहून तिखट जीभ भेटली होती.

पण झाडं लावली आणि खरा प्रश्न आला. पाणी.

ग्रामपंचायतीचा नळ होता. दिवसाआड यायचा; म्हणजे हवा यायची आणि तिच्या मागून, तिची इच्छा असेल तर, पाणी. साखरबाईंच्या परसात, भिंतीपासून दहा पावलांवर आड होता. जुना, दगडी काठाचा, वर लाकडी चौकट आणि लोखंडी कप्पी. पाणी बारमाही. आळीतली चार घरं तिथून पाणी भरायची. ती कप्पी दिवसभर किंचाळायची.

पप्पांनी मात्र सांगवीहून पाणी आणायला सुरुवात केली. दहा-दहा लिटरचे आठ पांढरे कॅन. मागच्या सीटवर मी, मांडीवर कॅन, पायांत कॅन, पाठीशी कॅन. आता हे पाणी मुळात कुठलं? खडकवासला धरणातलं. ते कालव्याने, नळांनी पुण्यात जायचं, शुद्ध व्हायचं, टाकीत चढायचं, चौथ्या मजल्यावर आमच्या नळाला यायचं. तिथून पप्पा ते कॅनमध्ये भरायचे, लिफ्टने खाली आणायचे आणि त्याच धरणाच्या कडेने पुढे न्यायचे. धरणाची भिंत आली की आई दर वेळी हात जोडायची. "काही नाही," म्हणायची, "त्याचं पाणी त्याला दाखवून नेतोय, एवढंच."

"पप्पा, शेजारी आड आहे," मी म्हणाले.

"त्या पाण्याची तपासणी झालेली नाही."

"चिकूला कसली तपासणी?"

त्यांनी काच वर केली. विषय संपला. मी आईकडे बघितलं, तर ती बाहेर बघत होती. "असू दे गं," एवढंच म्हणाली.

मी दिवसाला वीस-वीस चुका शोधून पोटाला मिळवायची. समोर, पुढच्या सीटवर बसलेलं उत्तर मला दिसलं नाही. मी त्याला म्हातारपणाचा हेका म्हणून टाकलं आणि ऑफिसमध्ये सांगून सगळ्यांना हसवलं. अजूनही तो मोहोर हातात घेतला की आधी हसू येतं आणि मग ते हसू आठवतं.

चैत्रात शाकारणी सुरू झाली. शाकारणी म्हणजे सगळी कौलं उतरवायची, फुटकी काढायची आणि पावसाळ्याच्या आधी पुन्हा नीट बसवायची. त्यासाठी गावातला बबन मिस्त्री आला. पप्पा देखरेखीला आठवडाभर एकटेच मुक्कामी राहिले. उतरवलेलं प्रत्येक कौल त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून बघितलं. ठण्ण वाजलं तर पास, ठस्स वाजलं तर नापास. दोन ढीग. बबनने पहिला दिवस सहन केलं.

"सायेब, कौलं हायती," दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भरतीला आल्याली पोरं न्हाईत."

बुधवारी मारुतीने मान टाकली. मागचे कॅन संपत आलेले, नवे आणायला गाडी नाही. गॅरेजवाला म्हणाला, भाग मुंबईहून येईल. तेव्हा कुठलाही भाग मुंबईहूनच यायचा आणि पायी यायचा. आई आणि मी रविवारी बसने निघालो, दोघींच्या हातात एकेक कॅन. स्वारगेटला कंडक्टर म्हणाला, "रॉकेल असेल तर खाली उतरा." आई म्हणाली, "पाणी आहे." "खडकवासल्याला पाणी?" तो म्हणाला आणि तिकीट न फाडता आमच्याकडे बघत राहिला.

पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. घरावर छप्पर अर्धं चढलं होतं. ताज्या झाडलेल्या कौलांचा भाजका वास सगळीकडे. पप्पा ओसरीवर बसले होते. ओठ फुटलेले. शेवटचा कॅन शेजारी, तळाशी तीन बोटं पाणी. रोपांची पानं कागदासारखी वळलेली. पण प्रत्येकाच्या बुंध्याशी एक छोटासा ओला गोल होता. चहाच्या कपाने, मोजून. स्वतःच्या पिण्यातलं.

"अहो, हे काय केलंत?" आईचा आवाज चढला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पोहरा आपटल्याचा आवाज आला आणि साखरबाई उभ्या राहिल्या. त्या आमचीच वाट बघत असाव्यात.

"बरं झालं आलात," त्या आईला म्हणाल्या. "आता तुमीच इचारा यास्नी. बबन्या माझ्या आडाचं पितो, समदी आळी पिती. ह्यो मानूस चार दिस झालं तान्हेला बसलाय, पन माझ्या पान्याला शिवत न्हाई. आवं, काय मेलेलं पडलंय का माझ्या आडात? का आमी खेड्याची मानसं घानेरडी?"

त्यांचे डोळे भरले होते. मला एकदम कळलं की गेला महिनाभर दर शनिवारी ते पांढरे कॅन गाडीतून उतरताना ही बाई बघत होती आणि दर वेळी तिला ते लागत होतं.

पप्पा उठले. भिंतीपाशी गेले. मला वाटलं, तपासणीचं काहीतरी सांगतील.

"पाणी चांगलंच असणार, बाई," ते म्हणाले. "मला मागता येत नाही."

"म्हंजी?"

"माझ्या गावात आम्हाला विहिरीवर चढू देत नव्हते. माझी आई घागर घेऊन खाली उभी राहायची. वरून कोणी ओतलं तर भरायची. कधी तास, कधी दोन तास. मी तिच्याशेजारी उभा. अठराव्या वर्षी खडकीला आलो, नळ बघितला आणि ठरवलं की पाण्यासाठी पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. बुद्धाला शरण गेलो, नोकरी केली, पोरगी इंजिनिअर केली. पण ते तेवढं गेलं नाही अंगातून. तुमचा दोष नाही त्यात."

हे मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. आई खाली बघत होती. बबन छपरावर कौल हातात धरून तसाच थांबला होता.

साखरबाईंच्या गालातली गोळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली.

"माझ्या सासूनं तसंच केलंया," अखेर त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. ह्याच आडावर. म्या बघितलंय आन् म्याबी गप ऱ्हायलीया." मग पदर सावरून, नेहमीच्या आवाजात : "पन म्या काय तुमाला पानी ओतनार न्हाई. सांगून ठिवते. हात मोडल्यात का तुमचं? दोर हाय, पोहरा हाय. या आन् शेंदून घ्या."

आणि पाठ फिरवून घरात निघून गेल्या.

पप्पा आत गेले. दोन मिनिटं, पाच मिनिटं, बाहेर येईनात. आई मला डोळ्यांनीच म्हणाली, जाऊ नकोस. मग ते आले. बूट चढवलेले, टोपी घातलेली, एका हातात पाना, दुसऱ्यात तेलाची बुधली. भिंतीला वळसा घालून, पुढच्या दाराने, साखरबाईंच्या परसात गेले. आडाच्या काठावर चढले. आधी चौकट हलवून बघितली. मग कप्पी उतरवली, फडक्याने पुसली, आस तपासला, तेल घातलं, बोल्ट आवळला, हाताने फिरवली. इतकी वर्षं किंचाळणारी ती कप्पी मुकाट फिरायला लागली. आळीतल्या बायका दारात आल्या. आवाज बंद झाला म्हणजे काहीतरी झालं असणार.

"आता सुरक्षित आहे," पप्पा म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोहरा आडात सोडला.

सोडला म्हणजे अक्षरशः सोडला. दोराचं दुसरं टोक धरायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोर सळसळत कप्पीवरून गेला, शेपूट एकदा हवेत हललं आणि खालून 'डुबुक' असा गंभीर आवाज आला.

पप्पा आडात वाकून बघत राहिले.

"कप्पी ब्येस केलीया," दारातून साखरबाई म्हणाल्या. "लई झ्याक सुटला."

आणि मग त्या हसल्या. आधी त्या, मग बायका, मग बबन छपरावरून. आणि मग मी वळून बघितलं तर पप्पा हसत होते. आडाच्या काठावर बसून, टोपी काढून, डोळे पुसत. सांगवीला आल्यापासून त्यांना हसताना मी बघितलं नव्हतं.

पोहरा काढायला गळ टाकावा लागतो. लोखंडी आकड्यांचा झुबका दोराला बांधून तळात फिरवायचा. तो गावात एकाकडेच होता. तो आणला. दोन तास आळीतला प्रत्येक जण सल्ला देत होता, डावीकडं घ्या, ढील द्या, लागलं लागलं. गळाला आधी एक जुनी बादली आली, मग एक तांब्या. तो बघून साखरबाई ओरडल्या, "ह्यो माझ्या रुखवतातला!" आणि शेवटी पोहरा आला. मग आई पुढे झाली. पदर खोचला, दोर मनगटाला एक वेढा देऊन धरला, पोहरा सोडला, झटका दिला, आणि हात-हात ओढत भरलेला पोहरा वर काढला. एक थेंब सांडला नाही.

पप्पा बघत राहिले. "तुला येतं?"

"आमच्या वस्तीत आमचा वेगळा आड होता," आई म्हणाली. "तुम्ही विचारलंत कधी?"

त्या संध्याकाळी पप्पांनी अकरा झाडांना अकरा पोहरे घातले. तळहाताला फोड आले. ते फोड ते आल्यागेल्याला दाखवत. फाल्गुनात लावलेल्या झाडांचं व्हायचं ते झालंच. फणस गेला, चिकू गेला, एकूण सहा गेली. "पुस्तक परत द्या दुकानदाराला," साखरबाई म्हणाल्या. पण पाच जगली. आणि पप्पा सांगवीला परत आलेच नाहीत. दर रविवारी आम्ही म्हणायचो, चला, आणि ते म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. पुढची पंधरा-सोळा वर्षं ते आणि साखरबाई त्या भिंतीवरून रोज भांडले. खत, कुत्रं, सरपंच, कशावरही. साखरबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. पप्पा ऐंशीच्या पुढे आहेत, तिथेच असतात. भांडायला आता आईच उरली आहे. ती फार सोपी आहे, अशी त्यांची तक्रार असते.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या वैशाखातलं. छप्पर पुरं झालं. गृहप्रवेश आम्ही वैशाख पौर्णिमेला ठेवला. वंदना आणि खिरीचं जेवण, बाकी काही नाही. पप्पा स्वतः आळीत फिरून सांगून आले. साखरबाईंना दोनदा सांगितलं. दुपारी मंडळी आली. बबन तिघांचं जेवून गेला. काहींनी ओसरीवर बसून नुसती सुपारी घेतली आणि पोट भरलंय म्हणाले; तेही आम्ही समजून घेतलं. साखरबाई आल्या नाहीत. चार वाजले, पाच वाजले. पप्पा रस्त्याच्या बाजूची खुर्ची सोडत नव्हते.

"नाही यायच्या," आई हळूच म्हणाली. "पाण्याचं वेगळं, जेवणाचं वेगळं."

साडेसहाला साखरबाई आल्या. पदर अस्ताव्यस्त, हात कोपरापर्यंत धुतलेले, कपाळावर घाम. "म्हस याली," दारातूनच सांगितलं. "दुपारधरनं आडली हुती. जरा हिकडं-तिकडं झालं असतं तर गेलीच असती. लई भूक लागलीया." ओसरीवर मांडलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि आईने वाढलेली खीर दोन वाट्या खाल्ल्या.

"साखर कमी हाय," म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

जाताना दारात थांबल्या. "सायेब, सकाळी या. चीक हाय, खरवस करते. आन् भायेरच्या भायेर डबा घ्यून जाऊ नगा. आत या, बसून खावा."

दुसऱ्या दिवशी पप्पा पाचला उठले. दाढी केली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, जो त्यांनी स्वतःच्या निरोप समारंभानंतर घातला नव्हता. सातला आईला विचारलं, "इतक्या लवकर गेलेलं बरं दिसेल का?" आई म्हणाली, "आठ वाजू द्या." साडेसातला गेले. भिंतीवरून आम्हाला त्यांच्या दाराशी पप्पांचे बूट दिसले, जोडून ठेवलेले. आतून साखरबाईंचा आवाज आला, "वाकून या, सायेब, चौकट ठेंगनी हाय," आणि त्यापाठोपाठ 'ठक्क'.

तासाभराने परत आले तेव्हा कपाळावर मधोमध टेंगूळ होतं, लिंबाएवढं.

"अहो, हे काय लागलं?" आईने विचारलं.

पप्पांनी कपाळाला हात लावून बघितला. मग ओसरीवर बसले, सावकाश बूट काढले आणि म्हणाले, "काही नाही गं. आत गेलो होतो."